मुलांमागे गेलेली शाळा

मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मुलाच्या आळसात किंवा पालकांच्या अनास्थेत शोधले जाते. शाळेची वेळ, जागा आणि रीतच मुलाच्या जीवनाशी विसंगत असू शकते, हा विचार महाराष्ट्रात प्रत्यक्ष कृतीतून मांडण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांच्याकडे जाते.

गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केल्यानंतर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मॉन्टेसरी पद्धत तोवर शहरांतील सुस्थित कुटुंबांपुरती मर्यादित होती. तिची साधने महाग होती. ताराबाईंनी पद्धतीचे तत्त्व घेतले आणि साधने मात्र परिसरातून उचलली. बिया, शंख-शिंपले, पाने, खडे, माती यांच्या आधारे मोजणी, वर्गीकरण व इंद्रियशिक्षण होऊ लागले. मुले केंद्रात येत नसतील, तर वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरे. तिला 'अंगणवाडी' हे नाव मिळाले.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात गेले. तेथे दोन अडचणी ठळकपणे पुढे आल्या. मोठ्या मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. मुलग्यांना गुरे राखावी लागत. घरच्या अर्थव्यवहाराचा भाग असलेली ही कामे केवळ उपदेशाने सुटणारी नव्हती. म्हणून शाळेचीच रचना बदलण्यात आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' आकाराला आली. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असल्याने थोरली बहीण वर्गात बसू शकली. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली. गुरे चरत असताना शिक्षक कुरणात जात आणि झाडे, पक्षी, ओढा हेच पाठाचे विषय होत.

या प्रयोगांचे मर्म शिकण्याच्या प्रेरणेशी निगडित आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पुढे मांडलेल्या सिद्धांतानुसार आंतरिक प्रेरणेला तीन गोष्टींचे पोषण लागते : स्वायत्तता, आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि आपुलकीचे नाते. बक्षीस व शिक्षा यांनी हजेरी वाढू शकते; गोडी लागेलच असे नाही. कुरणात बसलेल्या मुलाला झाडांची, गुरांची माहिती आधीच असे. शाळेने त्या ज्ञानाला अज्ञान न मानता पायरी मानले, हा महत्त्वाचा फरक होय.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्कही लाभला आहे. तथापि कायद्याने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. ते आत रमावे यासाठी दारानेही थोडे सरकावे लागते, हा कोसबाडचा धडा आहे. ऊसतोड, वीटभट्टी वा बांधकामाच्या कामासाठी आईवडिलांबरोबर दरवर्षी गाव सोडणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो आजही तितकाच लागू पडतो.