तीन शहरांत फिरणारा ‘इंगा’

मानेसरच्या औद्योगिक पट्ट्यातून दिल्लीत शिरले की वसंत कुंजच्या परिसरात इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर लागते. पूर्वी हेच न्यूक्लिअर सायन्स सेंटर होते. तेथील पेलेट्रॉन त्वरकात घडणाऱ्या संमीलनातून वीज मिळत नाही. वेगवान जड आयन लक्ष्यातील अणुकेंद्रकावर आदळतो, दोन्ही एकरूप होतात आणि तापलेले, भोवऱ्यासारखे गरगरणारे नवे केंद्रक जन्मते. ते आधी काही न्यूट्रॉन फेकते. उरलेली ऊर्जा आणि फिरत गॅमा किरणांच्या साखळीने उतरवते. त्या साखळीवरून केंद्रकाचा आकार ओळखायचा असतो.

अडचण कॉम्प्टन विकिरणाची. गॅमा किरण जर्मेनियमच्या स्फटिकात थोडी ऊर्जा ठेवून निसटतो आणि वर्णपटात खोट्या नोंदींचा गाळ साचतो. म्हणून शोधकाभोवती बिस्मथ जर्मेनेटचे कवच बसवतात. निसटलेला किरण त्यात सापडला की ती नोंद रद्द होते. दिल्लीच्या पहिल्या गॅमा व्यूहात असे १२ एकस्फटिकी शोधक होते. रद्द करणे हा मात्र खर्चिक न्याय. त्यात खरा किरणही हातचा जातो. युरोपात विकसित झालेल्या ‘क्लोव्हर’ने यावर तोड काढली. एकाच शीतपात्रात चार स्फटिक. एकातून निसटलेला किरण शेजारच्यात सापडला, तर दोन्ही ऊर्जांची बेरीज करायची. शिवाय तो आडवा विखुरला की उभा, यावरून संक्रमण विद्युत की चुंबकीय, हेही कळते.

असे शोधक महाग; एका संस्थेला मोठा व्यूह परवडणे कठीण. मग टाटा मूलभूत संशोधन संस्था, कोलकात्याच्या संस्था आणि दिल्लीचे केंद्र यांनी शोधक एकत्र केले. हा ‘इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे’, अर्थात इंगा. (मराठी माणसाला नावाची गंमत वेगळी सांगायला नको.) पूर्ण रूपात २४ क्लोव्हरांचा हा संच मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यात आळीपाळीने मांडला जातो. पाश्चात्त्य देशांतील व्यूहांपेक्षा तो लहान खरा, पण विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना घरच्या त्वरकावर प्रबंध करता आले, हे त्याचे मोठे श्रेय.

दिल्लीत क्लोव्हरच्या चारही स्फटिकांचे संकेत हाताळणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल देशातच घडवले गेले. कुलाब्यात पुढे अंकीय पद्धत आली: प्रत्येक संकेत सेकंदाला १० कोटी वेळा मोजायचा, त्यावर काळाचा शिक्का मारायचा आणि जुळवणी नंतर संगणकावर करायची.

ज्या संमीलनासाठी हा खटाटोप, त्यातलेच न्यूट्रॉन जर्मेनियमची स्फटिकरचना बिघडवतात. मग शोधक उतरवून, निर्वात स्थितीत काही दिवस तापवून पूर्ववत करावे लागतात.