क्षारजल-मत्स्यालय आणि जीवनसत्त्वे : एक ऐतिहासिक विचार

बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तेथे प्रवाळांचे क्षारजल-मत्स्यालय मांडावयाचे झाल्यास मिठापासून प्रत्येक घटक बाहेरून आणावा लागतो. तेव्हा जीवनसत्त्वेही थेंबाथेंबाने पाण्यात घालावीत, हा विचार सहजच सुचतो. तो कितपत साधार आहे, हे इतिहासाच्या आधारे तपासणे उचित ठरेल.

मासे, वनस्पती व गोगलगाई एकाच पात्रात ठेवून समतोल साधता येतो, असे रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली दाखविले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. जीवनसत्त्वांना कासिमीर फुंक याने नाव दिले ते मात्र १९१२ साली. म्हणजे मत्स्यालयविद्येची पहिली सहा दशके या संकल्पनेवाचूनच गेली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले (१९५१), तेव्हा आहारशास्त्रात जीवनसत्त्वांचे स्थान निश्चित झाले होते.

पुढील संशोधन दोन दिशांनी झाले. जॉन हॅल्व्हर याने १९५७ साली सामन माशांना कोणती जलविद्राव्य जीवनसत्त्वे लागतात, हे नियंत्रित आहार देऊन ठरविले. बहुतेक अस्थिमत्स्यांना 'क' जीवनसत्त्व स्वतः निर्माण करता येत नाही. ते न मिळाल्यास त्यांचा पाठीचा कणा वाकडा होतो. दुसरीकडे गिलार्ड व रायथर यांनी १९६२ साली सागरी सूक्ष्मशैवलांसाठी योजिलेल्या संवर्धनद्रवात ब-१२, थायमिन व बायोटिन ही तीन जीवनसत्त्वे होती.

जीवनसत्त्वे पाण्यात घालण्यास आधार मिळतो तो या दुसऱ्या प्रयोगाचा. परंतु शैवलाचे शुद्ध संवर्धन म्हणजे नांदते मत्स्यालय नव्हे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२६ शैवलजातींपैकी १७१ जातींना ब-१२ बाहेरून लागते, आणि जिवाणू ते पुरवू शकतात, असे दिसून आले. जेथे जिवाणू वगळले जातात, तेथे ही उणीव प्रयोगकर्त्याने भरून काढावी लागते. जेथे ते नांदतात, तेथे ती तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही. जकार्ता येथील ली चिन एंग याने १९६१ साली वर्णिलेली, जिवंत खडकांवर आधारलेली पद्धती याच सहजीवनावर उभी होती.

सागरी मासे समुद्राचे पाणी पितात, हे होमर स्मिथ याने १९३० साली सिद्ध केले होते. तथापि पाण्यात विरळ झालेल्या द्रव्याचा अत्यल्प अंशच अशा रीतीने पोटात जातो. उरलेला सेंद्रिय भाग जिवाणूंचे खाद्य होतो आणि अतिरेक झाल्यास पाण्यातील प्राणवायू घटवितो. हॅल्व्हरच्या प्रयोगातही जीवनसत्त्वे पाण्यातून नव्हे, आहारातूनच दिलेली होती.

तात्पर्य, माशांना जीवनसत्त्वांची गरज असते, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो ती देण्याच्या मार्गाविषयी. विविध व ताजा आहार, आणि आवश्यक तेथे जीवनसत्त्वांत भिजविलेले खाद्य, हा मार्ग इतिहासाशी सुसंगत ठरतो. समुद्रापासून दूरच्या प्रदेशात पाणी कृत्रिम असले, तरी त्यातील जीवसृष्टी कृत्रिम नसते, याचे भान राखणे अगत्याचे आहे.