वेटसूटची चेन
वेटसूटची चेन : पाणबुडे वापरतात त्या निओप्रिन या कृत्रिम रबराच्या घट्ट पोशाखाची उघडमीट करणारी झिप. अमेरिकन भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास असा पोशाख सिद्ध केला. निओप्रिनमधील वायूचे बुडबुडे उष्णता रोखतात; आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो. गार पाणी वारंवार आत आले, तर ही ऊब टिकत नाही. म्हणून चेनीची जागा महत्त्वाची ठरते.

पाठीची चेन : मानेपासून कमरेपर्यंत उभी असते. तिला जोडलेल्या लांब पट्टीमुळे ती स्वतःलाच ओढता येते. पोशाख चढवणे-उतरवणे सोपे जाते. मात्र पाठीवर ताठरपणा येतो व पाणी कण्यालगत झिरपू शकते. झिरपणे कमी व्हावे म्हणून आतून निओप्रिनची झडप लावतात.

छातीची चेन : आखूड व बहुधा आडवी असते. गळती कमी होते, पाठ व खांदे मोकळे राहतात. तोंड अरुंद असल्याने खांदे आत घालणे कष्टाचे होते. सर्फिंग करणाऱ्यांत हा प्रकार विशेष रूढ आहे.

पुढची उभी चेन : खांदेदुखी असलेल्यांना सोयीची, पण वाकताना पोटावर दुमडते.

निवड : उबदार पाण्यात चढवण्याची सोय पाहावी, थंड पाण्यात गळती किती कमी होते ते. वापरानंतर चेन गोड्या पाण्याने धुऊन तिला मेण लावावे.