नागीण, पन्नाशी आणि वयाची अट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.

आजचा विषय आहे नागीण. साप नव्हे, रोग. अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे पाण्याचे फोड येतात आणि आगीसारखी जळजळ होते, तो रोग. मी मूळचा मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमचा. विवेकानंद जयंतीला जिथं हजारोंची पंगत बसते आणि पुरी नि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद वाढला जातो, ते आमचं गाव. आमच्याकडे नागिणीबद्दल एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते : तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला. म्हणून गेरूचा लेप लावायचा, कुणाकडून तरी मंत्र घालून घ्यायचा आणि रोज बघायचं, पट्टा कुठवर आला.

मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि इतिहास वाचायची खोड आहे, एवढंच. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाला नागीण झाली. वय ३६. त्याला आमवात आहे, त्यासाठी तो मेथोट्रेक्सेट घेतो. हे औषध सांध्यांवर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. आत्या फोनवर सारखी विचारायची, "नीट बघ बरं, तोंडाला शेपूट नाही ना भिडली?" तो बरा झाला, पण दुखणं पुढे कितीतरी महिने राहिलं. पुन्हा होऊ नये म्हणून त्यानं लशीची चौकशी केली, तर उत्तर मिळालं, "ती पन्नाशीच्या पुढच्यांना असते."

आता बघा, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना नागिणीचा धोका जास्त, हे तर सगळेच डॉक्टर सांगतात. मग ही पन्नाशी आली कुठून? तिचा इतिहास मला शोधावासा वाटला.

सुरुवात करू एका साध्या निरीक्षणापासून. १९व्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टमध्ये यानोश बोकाई नावाच्या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी तिथल्या पोरांना कांजिण्या येतात. म्हणजे दोन्ही रोगांचं मूळ एकच असावं. १९५०च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत दोन्हींचे विषाणू वाढवून ते एकच असल्याचं दाखवलं.

पण तो विषाणू मधली चाळीस-पन्नास वर्षं असतो कुठं? याचं उत्तर इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावातल्या एका फॅमिली डॉक्टरनं दिलं. त्यांचं नाव एडगर होप-सिम्पसन. त्यांनी १६ वर्षं आपल्याच पेशंटांची नोंद ठेवली आणि नागिणीच्या १९२ केसेस जमवल्या. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं, की कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. प्रतिकारशक्ती पहारा देत असते. पहारा ढिला पडला, की तो एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणूनच पट्टा, आणि म्हणूनच एकच बाजू.

त्यांच्या वहीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. वय वाढेल तसं नागिणीचं प्रमाण वाढतं. ते का वाढतं, तर वयानुसार पहारा ढिला पडतो म्हणून. म्हणजे वय ही फक्त खूण होती, कारण नव्हतं. खरं कारण होतं पहाऱ्यात. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

आता दुसरा धागा. ज्याचा पहारा तरुणपणीच ढिला आहे, असा माणूस इतिहासात तसा नवा आहे. पूर्वी असा माणूस बहुधा जगतच नसे. मुंबईच्या केईएममध्ये १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला, पेशंट वाचला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरला ते यशस्वी झालं. परकं मूत्रपिंड शरीरानं स्वीकारावं म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबावी लागते. त्यासाठीचं सुरुवातीचं एक महत्त्वाचं औषध म्हणजे अझाथायोप्रिन. ते गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आलं. गंमत अशी, की नागिणीवर आजही दिलं जाणारं असायक्लोव्हिर हे औषधही एलियन यांच्याच गटाचं. १९८८ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं, जेम्स ब्लॅक यांच्यासोबत. पहारा उतरवणारं औषध आणि पहारा उतरल्यावर येणाऱ्या रोगावरचं औषध, दोन्ही एकाच बाईंच्या कामातून!

मग एचआयव्ही आला. तरुण माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या, हे डॉक्टर तेव्हापासून शिकले. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे.जे. रुग्णालय होतं. म्हणजे जी माणसं गेली असती ती जगू लागली. कॅन्सरची केमो घेतलेले, आमवाताचे, प्रत्यारोपणाचे, एचआयव्हीचे, असे लाखो लोक आज आपल्यात आहेत. वैद्यकशास्त्रानं त्यांना जगवलं. प्रश्न असा, की लशीच्या नियमांना त्यांची दखल घ्यायला किती वेळ लागला?

इथं लशींचं एक जुनं भांडण समजून घ्यावं लागतं : जिवंत लस आणि मृत लस. दोन्हींचा इतिहास आपल्या मुंबईत घडला आहे. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचली गेली, भारतातली पहिली. ती जिवंत लस होती, गोस्तनदेवीच्या विषाणूची. पुढे १० जानेवारी १८९७ रोजी ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तिच्यातले जंतू उष्णतेनं मारलेले होते. जिवंत लशीत जंतू दुबळा केलेला असतो, पण जिवंत असतो. धडधाकट शरीर त्याला सहज आवरतं. ज्याचा पहाराच नाही, त्याच्या अंगात तो दुबळा जंतूही माजू शकतो.

जपानमध्ये १९७०च्या दशकात मिचियाकी ताकाहाशी यांनी कांजिण्यांची जिवंत लस बनवली. ज्या मुलाकडून विषाणू घेतला त्याच्या आडनावावरून त्या वाणाला 'ओका' म्हणतात. आणि ही लस सुरुवातीला वापरली गेली ती रुग्णालयातल्या आजारी मुलांत. पुढे ल्युकेमियातून सावरणाऱ्या मुलांनाही ती फार जपून दिली गेली, कारण कांजिण्यांनी सगळ्यात जास्त धोका त्यांनाच होता.

त्याच ओका वाणाची कितीतरी तीव्र मात्रा घेऊन नागिणीची पहिली लस आली, झोस्टाव्हॅक्स. तिची मोठी चाचणी ३८,५४६ लोकांवर झाली, सगळे साठीचे आणि पुढचे. नागिणीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. २००६ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली, ६० वर्षं आणि पुढे. मग पन्नाशीतल्या लोकांवर वेगळी चाचणी झाली आणि २०११ मध्ये अट ५० वर आली. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र ती वर्ज्य, कारण ती जिवंत. हा इशारा पोकळ नव्हता. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अशा माणसांना चुकून ही लस दिली गेल्यावर मृत्यू झाल्याची नोंद आहे.

म्हणजे बघा, ज्यांना सर्वात जास्त गरज, त्यांनाच दार बंद. पण इथं कुणाचा दुष्टपणा नव्हता. लशीच्या जातीमुळेच तसं होतं.

२०१७ मध्ये शिंग्रिक्स आली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याचं फक्त एक प्रथिन आहे, आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारी जोड आहे. त्या जोडीतला एक घटक चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून येतो. पन्नाशीच्या पुढच्यांत तिचा परिणाम ९७ टक्के निघाला. आता जिवंत विषाणूची अडचण उरली नव्हती. तरी परवानगी आली ५० वर्षं आणि पुढच्यांनाच. का? कारण मुख्य चाचण्या त्याच वयाच्या आणि ठीकठाक प्रतिकारशक्तीच्या लोकांवर झाल्या होत्या.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. ज्या इनपुटवर टेस्ट झाली नाही, ते आम्ही 'सपोर्टेड' म्हणून लिहीत नाही. याचा अर्थ ते चालणारच नाही असा नसतो, तपासलं नाही एवढाच असतो. पण पाच वर्षांनी तो कोड वाचणाऱ्या नव्या पोराला वाटतं, ही अट कुणीतरी फार विचार करून घातली असणार.

मग तपासणी झाली. स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या १,८४६ लोकांवरची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. लशीनं नागीण ६८ टक्क्यांनी कमी केली. ९७ पेक्षा कमी, पण या लोकांसाठी मोठीच गोष्ट. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत १८ वर्षांपुढच्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना परवानगी मिळाली. अशा लोकांना दुसरा डोस नेहमीच्या दोन ते सहा महिन्यांऐवजी एक-दोन महिन्यांतही देता येतो. ब्रिटनच्या सरकारी कार्यक्रमात २०१३ ला सुरुवात सत्तरीपासून झाली. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांसाठी २०२३ मध्ये अट ५० वर आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये १८ वर. एकाच रोगासाठी बारा वर्षांत सत्तरवरून अठरा! या काळात माणसाचं शरीर काही बदललं नाही. बदलली लस आणि बदलला पुरावा.

भारतात शिंग्रिक्स २०२३ मध्ये आली, पन्नाशी आणि पुढच्यांसाठी म्हणून. सरकारी लसीकरणात ती नाही, त्यामुळे दोन्ही डोसचे पैसे खिशातून.

वयाची अट आपल्याला परकी नाही. १ मार्च २०२१ आठवा. कोविडची लस साठीच्या पुढच्यांना, आणि ४५ ते ५९ मधल्या ठरावीक वीस आजारांपैकी काही असलेल्यांना, तेही डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवून. त्या यादीत मूत्रपिंड प्रत्यारोपण होतं, एचआयव्ही होतं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही होती. पण हाच आजार असलेला ३६ वर्षांचा माणूस १ मेपर्यंत रांगेतच नव्हता. लस कमी होती, रांग लावणं भाग होतं, हे मान्य. वयाची रांग लावायला सोपी असते, कारण वय आधार कार्डावर असतं. प्रतिकारशक्ती नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे. वयाची अट ही बहुतेक वेळा चाचणीत कोण होतं आणि पैसा कुणावर खर्च करायचा ठरलं, याची नोंद असते. धोका कुणाला आहे, याची ती यादी नसते. त्यामुळे ती वाचताना 'मला गरज नाही' असा अर्थ काढू नका.

आणि आमच्या आत्याच्या भीतीबद्दल. धडधाकट माणसात पट्टा सहसा मधली रेषा ओलांडत नाही, म्हणून तोंड-शेपूट जुळत नाही. पण प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर विषाणू रक्तातून अंगभर, फुप्फुसापर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मला वाटतं, जुन्या लोकांनी असं एखादं माणूस पाहिलं असणार. उपाय चुकला, पण भीती अगदीच खोटी नव्हती.

तर घरात कुणी अशी औषधं घेत असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. नागिणीच्या लशीची आजची परवानगी आमच्या माणसाला लागू होते का? ही लस जिवंत आहे का? आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायच्या आधीच ती घेता येईल का? फोड दिसलेच, तर गेरू शोधत बसू नका. विषाणूवरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर फायदा जास्त.

हा भाग घरातल्या अशा एखाद्या माणसापर्यंत पोहोचवा. पुढच्या भागात भेटू.