रेझीन ओतकाम (विज्ञानकथा-डायोरामांसाठी)

चित्रपटांतील वा चित्रकथांतील पात्रांच्या, हातपाय हलवता येणाऱ्या छोट्या प्लॅस्टिक मूर्तींना अॅक्शन फिगर म्हणतात आणि त्यांच्याभोवती त्याच प्रमाणात उभारलेल्या देखाव्याला डायोरामा. या देखाव्यातल्या भिंती, फरश्या, सरकती दारे, नळ्यांचे जुडगे, नियंत्रणपट्ट यांसारखे भाग रबरी साच्यात द्रवरूप रेझीन ओतून करण्याची पद्धत म्हणजे रेझीन ओतकाम. हौशी कलावंत वेळ वाचवण्यासाठी ती वापरतात, असे सर्रास समजले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. अवकाशयान किंवा अवकाशतळ ही मुळातच कारखान्यातून निघालेल्या एकसारख्या भागांची वास्तू असते. त्यामुळे तिची प्रतिकृतीही एकसारख्या ओतीव भागांची जुळणी करून उभारणे, हीच त्या विषयाला साजेशी पद्धत ठरते. जंगल किंवा पडका वाडा दाखवायचा असता, तर हे विधान टिकले नसते.

याचा सर्वांत ठळक पुरावा चित्रपटसृष्टीतच आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील डेथ स्टार या अवकाशतळाचा पृष्ठभाग इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणाम कंपनीच्या कारागिरांनी कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइज येथे तयार केला. रणगाडे, विमाने यांच्या बाजारात मिळणाऱ्या मॉडेल-किटमधले सुटे भाग चिकटवून त्यांनी मोजके मूळ नमुने घडवले, त्यांचे साचे घेतले आणि निघालेले तुकडे फिरवून, दिशा बदलून लावत प्रचंड क्षेत्र भरून काढले. यात निव्वळ काटकसर नव्हती. तेच उंचवटे, त्याच खाचा दूरवर पुन्हा पुन्हा दिसत गेल्या की डोळ्याला मोजमाप मिळते आणि त्यातूनच पृष्ठभाग अवाढव्य भासतो. प्रत्येक तुकडा वेगळा घडवला असता तर नजर तपशिलात अडकली असती आणि भव्यता हरवली असती.

घरगुती डायोरामाचे गणितही याच दिशेने जाते. केनर कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्टार वॉर्स’ मूर्ती सुमारे ९.५ सेंमी. उंचीच्या, म्हणजे साधारण १:१८ प्रमाणाच्या होत्या. हास्ब्रो कंपनीची २०१३ पासूनची ‘ब्लॅक सीरीज’ ही मूर्तिमालिका सुमारे १५ सेंमी. उंचीची, म्हणजे १:१२ च्या आसपासची आहे. तीन मीटर उंचीची भिंत पहिल्या प्रमाणात १७ सेंमी. भरते, दुसऱ्यात २५ सेंमी. लांबी दीडपट झाली की घनफळ जवळपास साडेतीनपट होते आणि भरीव भागाला रेझीनही तितकेच जास्त लागते. म्हणून मोठ्या प्रमाणात काम करणारे भिंतीच्या मागची बाजू पोकळ ठेवतात. एका साध्या बोळाला दोन्ही बाजूंनी मिळून वीसेक भिंतपट्ट लागतात. ते हाताने एकेक करत गेले तर विसाव्यापर्यंत हात थकतो आणि रेषा ढिल्या पडतात. ओतकामात सगळी मेहनत एकाच मूळ नमुन्यावर करता येते आणि त्या नमुन्याचा नेटकेपणा विसाही प्रतींत उतरतो.

हा नमुना बहुधा एक-दोन मिलिमीटर जाडीच्या स्टायरिन शीटचा असतो. पत्र्यांच्या सांध्यासारख्या दिसणाऱ्या रेषा टोकदार हत्याराने कोरतात, बोल्टची डोकी आणि झडपा चिकटवतात, फटी पुट्टीने बुजवतात, प्रायमर मारून बारीक पॉलिशपेपरने घासतात. ही घासणी टाळून चालत नाही, कारण सिलिकॉन रबर बोटाचा ठसादेखील जसाच्या तसा उचलतो. खाचांच्या बाजू किंचित उतरत्या ठेवल्या म्हणजे प्रत सहज सुटते. खरे कौशल्य मात्र कडांवर दिसते. भिंतीवरचा खांब पूर्ण न करता अर्धा डाव्या कडेला आणि अर्धा उजव्या कडेला केला, तर दोन पट्ट शेजारी लावताच खांब पुरा होतो आणि सांधा त्याच्या मधोमध, डिझाइनचाच भाग म्हणून बसतो. ओतकामाचा विचार नमुना करतानाच झालेला असावा लागतो, तो असा.

साच्यासाठी नमुना सपाट तळावर चिकटवून भोवती पेटी बांधतात आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेने सिलिकॉन सोडतात, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांतही रबरी साच्यात प्लास्टर ओतले जाते, तत्त्व तेच. टिन उत्प्रेरकाने जमणारे सिलिकॉन स्वस्त, पण काळाबरोबर आकसते. प्लॅटिनम उत्प्रेरकाने जमणारे अधिक काळ टिकते, पण गंधकयुक्त मॉडेलिंग क्लेला लागले की चिकटच राहते. ओतण्यासाठी बहुधा पॉलियुरेथेन वापरतात. त्याचे दोन घटक मिसळल्यावर हाताशी काही मिनिटेच असतात आणि अर्ध्या तासात प्रत साच्याबाहेर येते. याचा शत्रू ओलावा. पाण्याशी संयोग होताच त्यातल्या आयसोसायनेट या घटकातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझीन फेसाळते. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली म्हणूनच वाया जाते. बुडबुडे दाबपात्राने जिरवता येतात, मात्र साचाही दाबाखालीच जमवलेला हवा. नाहीतर साच्यातली हवा दबून प्रतीवर गाठी उमटतात. आयसोसायनेटच्या वाफांनी दमा जडू शकतो. हातमोजे, मोकळी हवा आणि घासताना मुखपट्टी याला पर्याय नाही.

आता आक्षेपांकडे. त्रिमितीय मुद्रण घरोघरी आल्यावर ओतकाम कालबाह्य झाले, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. एक-दोनच वस्तू हव्या असतील तर तो मान्यच करायला हवा. तिथे सिलिकॉनचा खर्चही भरून निघत नाही. पण प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर रचणाऱ्या मुद्रकाला एका भिंतीस काही तास लागले, तर वीस भिंतींना वीसपट लागतात आणि प्रत्येकीवरचे थर पुन्हा घासावे लागतात. मुद्रणाने हटवला तो हाताने घडवलेला मूळ नमुना. प्रती काढण्याचे काम साच्याकडेच राहिले. नमुना छापायचा, एकदाच नीट घासायचा आणि पुढे ओतत राहायचे, ही सांगड आज सर्वांत किफायतशीर आहे. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझीनमध्ये छापलेला नमुना नीट पक्का झालेला नसेल, तर प्लॅटिनम सिलिकॉन त्यावर जमत नाही, एवढे पथ्य पाळावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एकसारखे तुकडे देखाव्याला निर्जीव करतात. वीस पट्ट एकाच रंगात ओळीने उभे केले तर ते खरेच आहे. पण दोष साच्याचा नव्हे, मांडणीचा. वास्तवातही कारखान्यातून एकसारखे निघालेले भाग वापरानेच वेगळे होतात. एक पट्ट उलटा लावावा, एकाची झडप कापून आत तारा सोडाव्यात, पातळ पट्ट गरम पाण्यात मऊ करून वाकवावा, तेलाचे ओघळ दाराजवळच दाखवावेत. असा फरक उठून दिसतो तो मुळात सारखेपणा असतो म्हणूनच. प्लास्टर आणि थर्माकोल स्वस्त पडतात, हेही खरे. खडक, ढिगारे यांना ते उत्तमच. मात्र प्लास्टरच्या पातळ कडांचे टवके उडतात आणि थर्माकोल साध्या स्प्रे-रंगाने विरघळतो. यंत्राची धारदार कड रेझीनच पेलते.

साच्यामुळे चोरी सोपी होते, हा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही. दुसऱ्याने घडवलेल्या नमुन्याचा साचा घेऊन प्रती विकणे हा अन्यायच आहे. जपानमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेल्या ‘वंडर फेस्टिव्हल’ या मेळ्यात पात्रांच्या हक्कांपुरता तोडगा निघाला: चित्रपट वा मालिकेचे हक्कधारक हौशी कारागिरांना त्या एका दिवसापुरता विक्रीचा परवाना देतात. अशी सोय सर्वत्र नाही, पण नकलेचा माग वस्तूतच राहतो. दर ओतीत रेझीन थोडे आकसते, त्यामुळे प्रतीवरून घेतलेल्या साच्यातला पट्ट मूळ पट्टापेक्षा किंचित लहान निघतो, कोरलेल्या रेषा उथळ होतात आणि त्याचा अर्धा खांब मूळ पट्टावरच्या अर्ध्याशी जुळत नाही.