मानशीचं दार

गोव्याचा इतिहास म्हटलं की आपल्याला कदंब, आदिलशहा, अल्बुकर्क आणि मग थेट १९६१ आठवतं. मधल्या काळात साधी माणसं जगत कशावर होती, हे शाळेत कुणी सांगितलंच नाही. म्हणून या वीकेंडला खाजणांबद्दल.

पणजीहून रिबंदरला जाणारा सरळसोट रस्ता पाहिला असेलच. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला पाणथळ जमीन. बसमधून बघताना नुसता चिखल वाटतो. पण मांडवी आणि जुवारीच्या काठच्या अशा जमिनींवर शेकडो वर्षं गावंच्या गावं पोसली गेली.

प्रकार असा आहे. या नद्यांमध्ये भरतीचं खारं पाणी आतवर शिरतं. काठची सखल जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली. तिला माती आणि चिऱ्यांचा बांध घालायचा, आत भात लावायचं. पावसाळ्यात पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो आणि कोरगुटसारखं खारं सोसणारं भात येतं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी राखायची. लाटांचा मार ती खाते आणि माशांची, कोळंबीची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात. (आता खाजण मुळात खारफुटी तोडूनच झालं, त्यामुळे फार रोमँटिक व्हायचं कारण नाही. पण सगळी तोडायची नाही, एवढं त्यांना कळत होतं.)

आणि बांधात असते मानस. मनातलं मानस नव्हे, पाण्याचं लाकडी दार! अलिबाग-पेणच्या खारेपाटातले लोक ज्याला उघाडी म्हणतात, त्याच जातीचं. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दार आपोआप बंद. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. ना मोटर, ना सेन्सर. आम्ही फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची आकृती घोटून घोटून काढली, तेव्हा हे उदाहरण कुणी दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण मला दारापेक्षा त्यामागचा हिशोब जास्त आवडला. ओहोटीला पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की आतले मासे आणि कोळंबी त्यात सापडतात. हा मासेमारीचा हक्क गावकरी, म्हणजे पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती संस्था, लिलावाने द्यायची. ही संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. १५२६ मध्ये आफोंसो मेशियाने तिच्या प्रथा लिहून घेतल्या, तेव्हाच त्या जुन्या होत्या. लिलावाच्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. म्हणजे खारफुटी बांध राखते, बांध भात राखतो आणि मासळीच्या पैशातून बांध उभा राहतो. मासळीच्या लोभाने कुणी जास्त खारं पाणी आत घेतलं, तर भात त्याच गावाचं बुडणार. त्यामुळे दारावर सगळ्यांचा डोळा.

या गावकरीत सगळं आलबेल होतं असं अजिबात नाही. हक्क गावकऱ्यांचे, म्हणजे ठराविक घराण्यांतल्या पुरुषांचे. चिखलात कंबर मोडून भात लावणाऱ्या बाईला त्यात वाटा नव्हता. त्यामुळे मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा आला ते योग्यच झालं, असं माझं मत. पण जमीन कुळांकडे जाताना कोमुनिदादचा दरारा गेला. पुढे १९७५ च्या नियमांनी बांध राखायचं काम कुळांच्या संघटनांकडे आलं. काहींनी ते नीट केलं, अनेक ठिकाणी झालं नाही.

त्याच सुमारास कोळंबीचा भाव चढत होता. मानस घेणारा ठेकेदार भात लावत नव्हता. त्याच्या दृष्टीने दार जितका जास्त वेळ उघडं, तितकं बरं. शेजारच्या शेतात मीठ चढलं तर नुकसान दुसऱ्याचं. त्यात नद्यांमधून खनिजाच्या बार्जेस जायच्या आणि त्यांच्या लाटा बांधावर आदळायच्या. बांध एकदा फुटला आणि वेळेत बुजवला नाही, की रोज दोनदा खारं पाणी शेतात. मग तिथे खारफुटी उगवते. आणि गंमत बघा, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आपल्याच शेतातली ती काढायची तर शेतकऱ्याला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. ज्या झाडाने बांध राखला, तेच आता बांधाच्या आत उभं!

२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी वेगळा मजकूर आहे: त्यांच्या काठची खारफुटी जपा, खाजणांसाठी व्यवस्थापन आराखडा करा, तिथे बांधकाम नको. कागदावर उत्तम. पण मासळीचा पैसा आणि बांधाचा खर्च पुन्हा एकाच हातात कसा आणायचा, हे त्यात नाही. आणि ओहोटी काही ऑफिसच्या वेळा बघून येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, रात्री दोन वाजता, दार नीट मिटलंय का हे बघायला कंदील घेऊन बांधावर कुणीतरी जायचं. त्याचं शेत आत असायचं, म्हणून जायचं.