टास्मानियाच्या शंखमाळा

शंख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देवघर उभे राहते. परंतु दूरच्या एका बेटावर चिमुकल्या शंखांच्या माळेने एका समाजाच्या अस्तित्वाची साक्ष दिली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही लेखणी उचलली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया हे बेट आहे. तेथील समुद्रशेवाळात एक लहानशी गोगलगाय राहते. तिच्या शंखास मूळ रहिवासी ‘मायरीनर’ म्हणतात. वरचे मळकट आवरण निघाले की आतून हिरवी, निळी, जांभळी अशी इंद्रधनुषी झळाळी प्रकट होते. शंखातील अतिसूक्ष्म पापुद्र्यांवरून प्रकाश परावर्तित होताना हे रंग उत्पन्न होतात. ओहोटीच्या वेळी स्त्रिया हे शंख वेचीत, धुरावर धरून व घासून स्वच्छ करीत, अणकुचीदार दाताने भोक पाडीत आणि कांगारूच्या शेपटीतील चिवट तंतूंत ओवीत.

१८०३ साली इंग्रजांनी तेथे वसाहत स्थापिली. पुढील तीस वर्षांत हत्या व रोगराई यांनी मूळ समाजाचा संहार झाला. उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेण्यात आले. १८४७ साली तेथून अवघी ४७ माणसे परतली. १८७६ साली त्रुगानिनी ही स्त्री निवर्तली, तेव्हा ‘हा वंश संपला’ असे जाहीर झाले. छायाचित्रांत तिच्या गळ्यात शंखमाळ दिसते. तिचा अस्थिपंजर १९०४ पासून १९४७ पर्यंत होबार्टच्या संग्रहालयात मांडलेला होता! त्यास अग्निसंस्कार लाभला तो १९७६ साली.

वस्तुतः वंश संपला नव्हता. बास सामुद्रधुनीतील बेटांवर अनेक कुटुंबे नांदत होती आणि तेथे आई मुलीस माळ ओवण्यास शिकवीत होती. केप बॅरन बेटावर १९४६ साली जन्मलेल्या लोला ग्रीनो या त्याच परंपरेतील विख्यात कलावती होत. त्रुगानिनीची म्हणून जपलेली माळ इंग्लंडातील एक्झेटरच्या संग्रहालयाने १९९७ साली परत केली. आता मात्र समुद्राचे पाणी तापून शेवाळाची वने क्षीण होत आहेत व शंख दुर्मिळ होत चालले आहेत.

सरकारी दप्तराने ज्यांना मृत ठरविले, त्यांना स्त्रियांच्या हातच्या कलेने जिवंत ठेविले. आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांच्या हाती अशी कोणती विद्या आहे? ती त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी शिकून घ्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.